सीटवरून उठल्यावर

"पाय उचला, आप्पा. दाबू नका, उचला."

मी ओळीच्या कडेनं ट्रॅक्टरबरोबर चालत ओरडत होते आणि माझे सासरे दात आवळून पाय आणखी दाबत होते. मागं जोडलेला, माती उलटणारा रोटर जमिनीत खोल गेला होता. इंजिन कण्हलं, थरथरलं आणि बंद पडलं.

छाटलेल्या काड्या वेचणाऱ्या बायकांमध्ये खसखस पिकली. त्यांची मुकादम हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा, सूनबाई काय सांगू राहिली ते ऐका की जरा."

"तू तुझ्या काड्या वेच," आप्पा म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

आमचं गाव द्राक्षाचं आणि केरू आप्पा म्हणजे त्या गावात सगळ्यांत आधी ट्रॅक्टर चालवलेला माणूस. त्यांची एक खोड होती. ट्रॅक्टर चालवताना ते थोड्या थोड्या वेळानं सीटवरून उठून सरळ उभे राहात आणि वळून मागं बघत. तरुणपणी बैलांच्या नांगरामागं चाललेला माणूस. उलटलेली माती स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लांबून ट्रॅक्टर येताना दिसला आणि त्यावर कोणी उभं असलं, की लोक म्हणत, आप्पा आले.

मोठा ट्रॅक्टर बागेच्या ओळीत शिरला की वेलींचे बुंधे खरचटायचे. म्हणून माझ्या नवऱ्यानं, दिगंबरनं, हा परदेशी बनावटीचा बुटका ट्रॅक्टर आणला होता. हायड्रोस्टॅटिक. म्हणजे याला ना क्लच, ना चालता चालता बदलायचे गिअर. उजव्या पायाखाली एक पेडल. पंजानं दाबलं की पुढं, टाचेनं दाबलं की मागं, पाय उचलला की जागच्या जागी उभा. सगळा कारभार तेलाच्या दाबावर. दिगंबर दिवसभर पॅकहाउसवर असे, त्यामुळे मेकॅनिक शिकवायला आला तेव्हा घरात जी होती ती शिकली. मला त्याआधी फक्त स्कूटी येत होती. विसरायचं असं माझ्याकडे काही नव्हतं.

आप्पांना मात्र उभ्या आयुष्याचं विसरायचं होतं. त्यांचा डावा पाय नसलेला क्लच शोधत फिरे आणि भलतीकडेच पडे. कडक जमिनीत इंजिन दमलं, की जुन्या सवयीनं ते पेडल अजून दाबत. या ट्रॅक्टरचं सगळं उलटं. तो दमला की पाय सैल सोडायचा. चाल मंदावली की ताकद वाढते.

"ही कुठली तऱ्हा?" आप्पा म्हणाले. "अडलेल्या बैलाला ढील द्यायची?"

"हो आप्पा. द्यायचीच."

तेवढं ते शिकले, मन लावून शिकले. त्यांचं घोडं अडलं ते उभं राहण्यापाशी.

सीटखाली एक स्विच होता. रोटर फिरत असताना चालकाचं वजन सीटवरून उठलं, की क्षणभरात इंजिन आपोआप बंद पडे. माणूस घसरून पडला किंवा उतरला, तर मागच्या फिरत्या पात्यांत सापडू नये म्हणून केलेली सोय. मला ती इतकी आवडली होती, की रोटर थांबवण्यासाठी मी त्याचा दांडा ढकलायचं आणि किल्ली फिरवायचं सोडूनच दिलं होतं. पात्यांत काही अडकलं की नुसती उडी मारायची. मी मागं पोचेपर्यंत सगळं गप्प झालेलं असे.

आप्पा ओळीत थोडे पुढं गेले की सवयीनं उठत आणि ट्रॅक्टर मरे. ते बसत, किल्ली फिरवत, पुन्हा थोडं पुढं जात, पुन्हा उठत. बांधावरून येणारे-जाणारे थांबू लागले. शेजारच्या मळ्यातले रावसाहेब मोटरसायकल उभी करून बघत बसले.

"केरू आप्पा, ट्रॅक्टर तुम्हाला बसा म्हणतोय," ते तिथून ओरडले. "पाहुण्याचा मान ठेवा."

सगळे हसले. मीही हसले. ज्यांच्यासमोर पहिली दोन वर्षं मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या माणसाला मी शिकवत होते आणि गाव बघत होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटत होतं.

"बसल्या बसल्या मान वळवा ना, आप्पा."

"मान वळवून माती दिसत नाही. धुरळा दिसतो."

"मग यांना सांगून आरसा बसवू."

"आरसा? मी काय नवरी आहे का?" ते उतरले आणि टोपी झटकून चालू लागले. जाता जाता म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नको. माझं मी बघतो."

नंतर एका दुपारी हौसाबाई ओट्यापाशी आली. "सूनबाई, चल, गंमत दाखवते तुला," म्हणाली. मी हातातलं पीठ तसंच ठेवून गेले. आप्पा ओळीतून येत होते. ताठ उभे, एक हात स्टिअरिंगवर, मान मागं. रोटर फिरत होता, माती उलटत होती आणि इंजिन मजेत चाललं होतं. ओळीच्या तोंडाशी येऊन त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. शाळेत पहिला आलेला मुलगा आईकडे बघतो तसं.

"कसं काय जमवलं?"

"पूर्ण उठायचं नाही. मांडी टेकलेली ठेवायची," ते म्हणाले. "तुम्हाला लांबून उभा दिसतो."

"आहे का नाही आमचा आप्पा?" हौसाबाई म्हणाली. मला वाटलं, शिकवणारी मी होते, तेव्हा थोडं श्रेय माझंही आहे. त्या संध्याकाळी मी गोड शिरा केला. आप्पांनी दोनदा मागून घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी त्या दिवशी माहेरी जाणार होते. निघायच्या आधी भावाचा फोन आला, की आई मावशीकडे गेलीय, उद्या ये. मग घरी बसून काय करायचं, म्हणून मी बागेत गेले. आप्पा विहिरीकडे गेले होते. ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशी उभा होता, काम अर्धं राहिलं होतं. मी चढले आणि सुरू केला.

ओळीच्या मधोमध ठिबकची एक सुटलेली नळी रोटरमध्ये गेली. पात्यांत नळी गुंडाळली की टरटर असा आवाज येतो, तो आला. मी पेडलवरचा पाय काढला. मान वळवताना मला विहिरीच्या बाजूनं आप्पा पळत येताना दिसले. दोन्ही हात हलवत, काहीतरी ओरडत. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना. एवढं काय झालं, असा विचार करत, त्यांच्याकडेच बघत मी रोजच्यासारखी उडी मारली, मागं गेले आणि नळीचं टोक हाताला गुंडाळून ओढलं.

नळीनं मला ओढलं.

पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. हौसाबाईनं मला मागून मिठी मारून धरलं होतं. आप्पांचा हात किल्लीवर होता; इंजिन आपोआप थांबलं की त्यांनी थांबवलं, ते त्या गोंधळात कुणीच बघितलं नाही. आवाज थांबल्यावर ते ट्रॅक्टरच्या सीटला धरून खाली वाकले होते आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं, रक्त बघून त्यांना भोवळ आली. मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली.

मी नाशिकच्या दवाखान्यात असताना दिगंबरनं मेकॅनिकला बोलावून ट्रॅक्टर तपासून घेतला. मेकॅनिकनं रोटर फिरवला, सीटवरून उठला, इंजिन बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. स्विचमध्ये काही खोट नव्हती. म्हणजे खोट कुणात होती, ते सगळ्यांना कळलं.

"इंजिन बंद व्हायला एक क्षण लागतो, योगिता," दिगंबर माझ्या खाटेशी बसून म्हणाला. तो रागावला नव्हता, आणि ते जास्त लागलं. "तुझी ती उडी मारायची सवय. तू क्षणभर थांबली नाहीस."

"मी मागं जाईपर्यंत बंद पडतं नेहमी."

"मेकॅनिकनं माझ्यासमोर तपासलं. झालं ते झालं. पण आता त्याला हात लावायचा नाही."

मी मनात ती उडी पुन्हा पुन्हा मारून बघितली. दर वेळी थोडी जास्त घाईची. शेवटी माझीही खात्री पटली, की मी घाई केली.

किल्ली दिगंबरच्या खिशात गेली. बागेसाठी रोजानं ड्रायव्हर येऊ लागला. ओट्यावर बसून मला त्याच्या चालवण्याचा आवाज येई आणि तो कुठं पेडल जास्त दाबतोय ते घरबसल्या कळे. पोळी लाटायला मी डाव्या हातानं शिकले, वेणी सासूबाई घालून देत. वेणी घालता घालता त्या म्हणत, "बाईमाणसानं कशाला पडावं त्यात? एवढी घाई असते का कुठं?" दवाखान्यात भेटायला आलेल्यांनी हेच म्हटलं होतं, पुढं हळदीकुंकवाला जमलेल्या बायकाही हेच म्हणत. बोटं गेल्याचं दुःख मी सोसलं असतं. पण त्या बुटक्या सीटवर बसल्यावर मी कुणीतरी होते, आणि आता मी एक घाईची बाई झाले होते. ते मला गिळता येत नव्हतं.

घरात एक माणूस मात्र तसं कधी बोलला नाही. आप्पा. उलट सासूबाई असं काही बोलल्या, की ते भरल्या ताटावरून उठून जात. माझ्यासाठी ते रोज डाळिंब सोलत. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, ते वाटीत दाणे काढून माझ्यापुढं ठेवत आणि मी खाईपर्यंत जमिनीकडे बघत बसत. त्यांनी पारावर बसणं सोडलं. कुठल्याच ट्रॅक्टरवर ते चढत नसत, जुन्या मोठ्याही नाही. मी बहिणीला फोनवर सांगितलं, सासरा असावा तर असा. बोलताना मला रडू आलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी दिगंबरकडून किल्ली मागून घेतली, ट्रॅक्टर धुवायला म्हणून. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन ठेवतात आणि दसऱ्याला पूजतात. मी शेडमध्ये बादली घेऊन गेले तर ट्रॅक्टर धुऊन झाला होता. आप्पा त्याच्यावर बसले होते. कित्येक महिन्यांनी.

"योगिता, बादली ठेव. इकडं बघ."

त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. रोटरचा दांडा ओढला. पाती फिरू लागली. मग ते उभे राहिले, आणि इंजिन बंद पडलं.

"पडला ना बंद?"

"पडणारच, आप्पा. तुम्ही मांडी उचलली."

"मांडीचं काही नसतं." ते उभेच होते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. "मांडीचं मी खोटं सांगितलं. सीटखालच्या दोन वायरी मी एकमेकींना जोडल्या होत्या. विहिरीवरचे स्टार्टर जोडण्यात जन्म गेला माझा, याला कितीसा वेळ लागणार? हौसा हसायची. रावसाहेब हसायचा. तूपण हसायचीस."

मी माझा तीन बोटांचा हात पदराखाली घेतला.

"तू चालवणार असलीस की मी आधी काढून ठेवायचो. देवाशपथ काढून ठेवायचो. त्या दिवशी तू माहेरी जाणार होतीस."

"म्हणून पळत होतात."

"हो."

"मग आवाज थांबल्यावर सीटखाली वाकलात, ते भोवळ येऊन नाही."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. माझं रक्त मातीत पडत असताना हा माणूस वायर काढत होता. मला डाळिंबाची ती वाटी आठवली. मी त्यांचा इतका राग कधी केला नव्हता, आणि त्यानंतरही कधी कुणाचा केला नाही.

"दिगूला…" ते म्हणाले आणि थांबले.

"सांगू नको. असंच ना?"

त्यांनी डोळे पुसले. म्हातारा माणूस रडताना बघवत नाही, पण मी बघत राहिले.

"मला सांगून काय उपयोग, आप्पा?" मी म्हणाले. "मला कळायचं ते कळलं. घरात, गावात मी घाईची ठरले. ज्यांना तसं वाटतंय त्यांना सांगा. नाहीतर नका सांगू. मी कुणाला सांगणार नाही, तुमच्या लेकालाही नाही. पण उद्यापासून डाळिंब सोलू नका."

बादली तिथंच टाकून मी घरात आले.

दुसऱ्या दिवशी अंगणात ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकू लावलं, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. फळासाठीची गोडी छाटणी चालू असल्यानं हौसाबाईची टोळी आली होती, त्यांनाही जेवायला थांबवलं होतं. रावसाहेब सोनं द्यायला आले होते. पूजेनंतर घरातल्या मोठ्यानं ट्रॅक्टर लिंबांवरून पुढं न्यायचा, ही रीत. आप्पा नको म्हणतील असं वाटलं होतं. ते आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

त्यांनी ट्रॅक्टर अलगद लिंबांवरून नेला. पाय किती हलका, किती बरोबर. मीच शिकवलेला. मग त्यांनी रोटरचा दांडा ओढला आणि सरळ उभे राहिले.

इंजिन बंद पडलं.

"आप्पा, आजच्या दिवशी तरी बसा," हौसाबाई म्हणाली, आणि अंगणभर हसू फुटलं. रावसाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"सणासुदीचं बंद काय पाडता?" सासूबाई पुटपुटल्या.

आप्पा बसले, किल्ली फिरवली, दांडा ओढला आणि पुन्हा उभे राहिले. पुन्हा बंद पडलं. या वेळी थोडेच हसले. दिगंबर पुढं झाला. "आप्पा, काय करू राहिले तुम्ही?"

"हसून घ्या," आप्पा म्हणाले. त्यांचे कान तसेच लाल झाले होते. "एकदा असंच हसले होते सगळे. ते मला सोसलं नाही. म्हणून मी सीटखालच्या वायरी जोडून ठेवल्या, बंद पडू नये म्हणून. योगिता उतरली त्या दिवशी त्या जोडलेल्याच होत्या. तिनं घाई नाही केली. ती रोजच्यासारखी उतरली. बोटं तिची गेली ती माझ्यामुळं. आणि मेकॅनिक यायच्या आधी वायर काढली तीही मीच."

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. रावसाहेब हातातल्या आपट्याच्या पानांकडे बघत राहिले. सासूबाई खाली बसल्या. दिगंबर बापाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. त्या हाताकडे त्यानं इतक्या महिन्यांत नीट बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

आप्पा खाली उतरले. उतरताना त्यांचा पाय घसरला. कुणी हात दिला नाही. मीही नाही. त्यांनी सीटवरचा झेंडू उचलून बाजूला ठेवला.

"चढ," ते म्हणाले.

मी दिगंबरकडे बघितलं. तो पुढं आला आणि ट्रॅक्टरपुढचा पूजेचा पाट उचलून बाजूला घेऊन उभा राहिला. मी चढले. किल्ली तीन बोटांनीही फिरते.

बाप-लेक पुढं कितीतरी दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पा पारावर परत बसू लागले, पण कडेला. लांबून कुणी ट्रॅक्टरवर उभं दिसलं, तर आप्पा आले असं गावात आता कोणी म्हणत नाही.

तो ट्रॅक्टर अजून आहे आणि मीच चालवते. आप्पा थकलेत, बांधावरच्या कडुलिंबाखाली खाटेवर बसून असतात. ओळीत काही अडकलं, की मी आधी दांडा ढकलते, किल्ली फिरवते, पाती थांबलेली बघते आणि मगच उठते. इकडं इंजिन थांबलं, की तिकडं आप्पा काठी टेकत उठतात आणि ओळीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. मी हात वर करून दाखवल्याशिवाय खाटेवर परत जात नाहीत.

पहिली काही वर्षं मी उजवा हात वर करत असे. मुद्दाम. डावा कधीपासून करू लागले, ते आता आठवत नाही.